काळजाला न लागणारं औषध

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आत्याच्या पाठीला तेल लावायचं काम माझं असायचं. शिकायला पुण्याला गेले तरी ते मी सोडलं नव्हतं. त्या वर्षी तिच्या काखेशी तेल चोळताना बोटांना काहीतरी लागलं. हरभऱ्याच्या घाट्याएवढं, टणक, आणि दाबलं तरी जागचं न हलणारं.

"हे काय गं?"

"आसंल गळू."

"दुखतंय?"

"दुखत न्हाई म्हणून तर ऱ्हाऊ दिलंय."

"कधीपासून आहे?"

तिने तांब्याने अंगावर पाणी ओतून घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, "आखाडापासनं."

न दुखणारी गाठ म्हणजे काय असू शकतं हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते आणि माझा विषयच कॅन्सरचं औषध हा होता. तरी मी तिची पाठ पुसली, तिला नवं लुगडं दिलं आणि फराळाला बसले. चकली तोंडात फिरत राहिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला आंबेगाव तालुक्यात दिलं होतं. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती राजुरीला आमच्याकडे परत आली ती कायमची. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. तेव्हापासून माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं आत्याकडे. आमचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी ते सगळं सोडलं, विहीर पाडली, कांदा आणि टोमॅटो करायला लागले. मेंढरं त्यांनी बेल्ह्याच्या बाजारात विकली, पण आत्याने त्यातली दहा-बारा हट्टाने ठेवून घेतली. "तुजा कांदा मला हाक मारल्यावर मागं येत न्हाई," असं ती वडिलांना म्हणायची.

भाऊबीज झाली आणि मी तिला नारायणगावला सोनोग्राफीला घेऊन गेले. वारूळवाडीच्या बाजूला एक नवं सेंटर निघालं होतं. बाहेरच्या बाकांवर सगळ्या पोटुशा बाया. आत्या दारातच थबकली.

"हितं कशाला आणलंस? ह्या वयात माणसं काय म्हणत्याल?"

"काही म्हणत नाहीत. बस."

ती पदर पुढे ओढून कडेला बसली. शेजारच्या तरण्या बाईने तिला विचारलं, "मावशी, सुनंला आणलंय का?" आत्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय की. पयलाच हाय, म्हणून लई भेती." ती बाई मला धीर द्यायला लागली, काय खायचं, काय नाही ते सांगायला लागली. मी मान हलवत राहिले. आत्या पदराआड हसत होती. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

आत डॉक्टरांनी गार जेली लावली आणि हातातलं यंत्र तिच्या छातीवरून फिरवायला लागले. तिने माझं मनगट धरलं होतं.

"सुई हाय का?"

"नाही आजी, नुसता आवाज आहे. आवाज आत जातो, परत येतो, त्याचं चित्र दिसतं."

"मला तर काय आयकू येत न्हाई."

"कुणालाच येत नाही," डॉक्टर म्हणाले. मग ते बोलायचे थांबले. त्यांनी पडद्यावरच्या एका काळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या ठिपक्यावर दोनदा यंत्र फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला काही सांगायची गरज पडली नाही.

पुढचं सगळं पुण्यात झालं. तुकडा काढून तपासला, निदान ठरलं, ऑपरेशन झालं. तिची डावी बाजू सपाट झाली. टाके निघाल्यावर एकदा मी तिला घरी आणलं, तर दुपारी ती ओट्यावर बसून लोकर पिंजत होती. तिच्याच मेंढरांची, धुऊन ठेवलेली पांढरी लोकर. मला वाटलं, उशी करतेय. तिने मला जवळ बोलावलं आणि चोळी पुढे केली.

"आतनं यक खिसा शिव. ही भरते त्यात. यक बाजू हालकी झाल्यावर चालताना तोल जातोय."

दुकानात अशा गोष्टी तयार मिळतात हे मला ठाऊक होतं. तरी मी सुई-दोरा घेतला आणि खिसा शिवला. तिने लोकर भरली, काढली, थोडी कमी केली, पुन्हा भरली, आणि उठून अंगणातून चालून दाखवलं. "बघ, कळतंय का?"

"नाही कळत."

"मग झालं तर."

केमोचे सहा डोस ठरले होते, तीन-तीन आठवड्यांनी. आळेफाट्यावरून एसटी धरायची, मंचर, खेड, चाकण करत पुणं गाठायचं. वडील तिला बसवून द्यायचे, मी शिवाजीनगरला उतरवून घ्यायचे. डोस झाला की दोन रात्री ती माझ्या खोलीवर राहायची.

पहिल्या डोसाच्या दिवशी मी तिच्या खाटेशेजारी उभी होते. सिस्टर मोठी सिरिंज घेऊन आली. आतलं औषध लाल होतं, रूह अफजासारखं लाल. मी ते ओळखलं. तेच औषध माझ्या प्रयोगशाळेत काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत होतं. त्याला हात लावायच्या आधी मी पांढरा कोट घालायचे, तोंडाला मास्क, हातात एकावर एक दोन मोजे. टेबलावर थेंब सांडला तर त्याची वेगळी पद्धत होती, वेगळी पिशवी होती. आणि आता तेच आत्याच्या मेंढरं हाकून राकट झालेल्या हाताच्या शिरेतून हळूहळू आत जात होतं. मी तिच्याकडे न बघता नळीकडे बघत होते.

"काय गं, मला टोचतंय का तुला?" ती म्हणाली.

मी तिला फक्त एवढंच सांगितलं, की उद्या लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. आणि केस जातील. "जाऊं दे," ती म्हणाली, "तेल वाचंल."

केस गेले ते दुसऱ्या डोसाच्या आधी. तिने सगळे गोळा करून पिशवीत ठेवले होते. का, ते मी विचारलं नाही. पण केसांपेक्षा तिला दुसरंच लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, जनावरांजवळ जायचं नाही. मेंढरं तिला ओट्यावरूनच बघायची होती. ती ओरडली नाही, रडली नाही. जेवण मात्र अर्ध्यावर आलं.

तेव्हा माझ्या वडिलांनी एक गोष्ट केली. ज्या माणसाने मेंढरांची लाज वाटून धंदा बदलला होता, जो पाहुण्यांसमोर "आमची बागायत" एवढंच बोलायचा, तो रोज संध्याकाळी काठी घेऊन आत्याची मेंढरं चारून आणायला लागला. आणून थेट वाड्यात कोंडायचा नाही. ओट्यापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे, ती थांबवायचा. आत्या ओट्यावरून एकेकीला नावाने हाक मारायची. त्या माना वर करायच्या. एखादी पुढे यायला लागली, की वडील काठी आडवी धरायचे आणि म्हणायचे, "आगं, लांबनंच. लांबनंच बोल." हे तिला म्हणायचे की मेंढीला, ते कळायचं नाही.

चौथ्या डोसाला ती आली तेव्हा म्हणाली, "तुजी ती कंपनी मला दाव यकदा." प्रयोगशाळेला ती कंपनीच म्हणायची. डोस दुसऱ्या दिवशी होता. मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, विचारलं. ते म्हणाले, घेऊन या.

ती डोक्याला पदर घट्ट बांधून आली. सरांनी स्वतः उठून तिला स्टूल दिलं. "या आत्या, बसा." तिने आधी स्टुलाचे पाय हलवून बघितले आणि मग बसली.

"सायेब, ही काय काम करती त्ये मला कुणी सांगितलंच न्हाई. ही म्हणती, तुला कळायचं न्हाई."

मी असं कधी म्हणाले नव्हते. पण सांगितलंही नव्हतं, हे खरं.

सर म्हणाले, "तुम्हाला जे लाल औषध देतात ना, ते गाठीच्या पेशी मारतं. पण ते सगळ्या अंगात फिरतं. वाटेत केसांना लागतं, रक्ताला लागतं, काळजालाही…" मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते थांबले.

"काळजाला बी?" आत्या म्हणाली.

"कधीकधी," मी घाईने म्हणाले. "म्हणून तर तुझ्या छातीची तपासणी करतात."

तिने पुढे विचारलं नाही. सर सांगत राहिले. औषध मोकळं सोडायचं नाही. चरबीच्या बारीक पिशवीत कोंडायचं. पिशवी रक्तातून फिरत गाठीपाशी गेली, की बाहेरून तेवढ्याच जागेवर, ऐकू न येणारा आवाज सोडायचा. आवाजाने पिशवी उघडते आणि औषध तिथेच सांडतं. बाकीच्या अंगाला कमी लागतं.

"केवढी पिशवी?"

"तुझ्या एका केसाच्या रुंदीत शेकडो बसतील," मी म्हणाले.

"माज्या केसाचं नाव काढू नगंस," ती म्हणाली, आणि सर हसावं की नाही म्हणून माझ्याकडे बघायला लागले. मग तीच म्हणाली, "सायेब, आवाजानं पिशवी फुटती, मग मानसाच्या आतलं दुसरं काय फुटत न्हाई का?"

सरांनी चष्मा काढला. "आत्या, हेच परीक्षक विचारणार आहेत हिला. आवाज कमी पडला तर पिशवी उघडत नाही. जास्त झाला तर मांस भाजतं. मधला नेमका किती, तेच ही दोन वर्षं शोधतेय."

मला तिला दाखवायचं होतं. आमच्याकडे एक अंधारी खोली होती. औषध पिशवीत कोंडलेलं असताना निळ्या दिव्याखाली ते मंद दिसतं आणि बाहेर सुटलं की नारिंगी चमकायला लागतं. मी कोट चढवला, मास्क लावला, मोजे घातले आणि फ्रीजमधली नळी काढली. दिवा लावला. नळी आधीच चमकत होती. आवाज लावायच्या आधीच. म्हणजे पिशव्या फ्रीजमध्येच गळल्या होत्या. सगळा आठवडा वाया.

"फुटल्या व्हय?" आत्याने अंधारातून विचारलं.

"हं."

"मग?"

"मग पुन्हा करायच्या."

सर म्हणाले, कालच्या घाण्यातली एक नळी असेल बघ. ती होती. तिच्यातलं औषध मंद होतं. मी ती पाण्यात बुडवली, यंत्र सुरू केलं. दोन मिनिटांनी काही नाही. पाच मिनिटांनी नळीच्या खालच्या भागात थोडा उजेड आला, आणि मग तो वर चढत गेला. फार नाही. अर्ध्या पिशव्यासुद्धा उघडल्या नसतील. आत्या मात्र पुढे वाकून बघत होती. तिच्या तोंडावर तो नारिंगी उजेड पडला होता की मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

मी दिवे लावले. तेव्हा तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

"यकावर यक दोन मोजं का गं?"

"अंगाला लागू नये म्हणून."

तिने टेबलावरच्या काळ्या कागदाच्या बाटलीकडे बघितलं. कागद वरून जरा उलगडला होता, आतला लाल रंग दिसत होता.

"ह्ये तर माजं औषिध."

मी हो म्हणाले. सर खिडकीकडे बघायला लागले. गेले दोन महिने मी या क्षणाला भीत होते. हात लावायला तुम्ही एवढं भिता आणि माझ्या अंगात सोडता, असं ती म्हणेल, आणि माझ्यापाशी उत्तर नसेल. उत्तर होतं खरं तर. पण पुस्तकातलं.

ती स्टुलावरून उठली, माझ्याजवळ आली आणि माझे मोजे घातलेले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"तू रोज ह्यात हात घालतीस?"

"रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा."

"फाटलं-बिटलं यखादं तर? लगीन व्हायचंय तुजं आजून." मग सरांकडे वळली. "सायेब, मोजं जाड देत जा पोरीला. ही सांगायची न्हाई, लई भिडस्त हाय."

"देतो," सर म्हणाले. एखाद्या परीक्षकाला उत्तर द्यावं तसं, उभं राहून.

पाचव्या डोसाच्या आधी डॉक्टरांनी तिच्या हृदयाची तपासणी केली. तीही आवाजाचीच, पडद्यावर हृदय उघडझाप करताना दिसतं ती. हृदयाचं काम पहिल्यापेक्षा कमी झालं होतं. डॉक्टरांनी लाल औषध तिथेच थांबवलं आणि पुढचे डोस दुसऱ्या औषधाचे दिले. मी रिपोर्ट घेऊन जिन्यात बसले. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं, की या औषधाने हृदयाला इजा होऊ शकते. ते वाक्य मी कितीतरी वेळा दुरुस्त केलं होतं, इंग्रजी नीट व्हावं म्हणून.

नुसत्या पिशवीतलं औषध तेव्हा बाजारात यायला लागलं होतं, पण तिच्यासारखीला डॉक्टर ते देत नव्हते. आवाजाने उघडणारं तर आमच्यासारख्यांच्या टेबलावरच होतं. हे सगळं मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

आत्या बरी झाली. केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. मेंढरांत जायची परवानगी मिळाली. चढावर मात्र ती थांबायला लागली. थांबून मागे बघायची, जणू काही बघायचंच होतं म्हणून थांबली.

दीड वर्षाने माझा प्रबंध पूर्ण झाला. काळ्या कापडी बांधणीची प्रत घेऊन मी राजुरीला गेले. तिने ती मांडीवर घेतली, वजन बघितलं, आणि म्हणाली, "वाच."

"इंग्लिशमध्ये आहे गं."

"मग आपल्यात सांग."

दुपार होती. वडील मळ्यात गेले होते. मी ओट्यावर बसून एकेक पान मराठीत सांगायला लागले. पिशव्या कशा केल्या, किती गळल्या, आवाज किती ठेवला. दुसऱ्या प्रकरणात तिचा डोळा लागला. मी थांबले तर डोळे न उघडता म्हणाली, "आयकतीय." शेवटच्या प्रकरणात उंदीर होते. एका गटाला मोकळं औषध, एका गटाला पिशवीतलं, एका गटाला पिशवीतलं आणि वरून आवाज. तिसऱ्या गटातल्या गाठी सगळ्यांत जास्त आकसल्या होत्या, आणि हृदयं जवळजवळ शाबूत होती.

तिने डोळे उघडले. "काळीज शाबूत ऱ्हायलं त्यांचं?"

"बहुतेकांचं."

"मग सोडली का उंदरं?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही. काळीज बघायचं तर कापावं लागतं."

ती उठून बसली. "कळतं का त्यांना?"

"नाही. आधी भुलीचं औषध देतो."

"चांगलं दाट देत जा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मानसाला कवा देणार?"

"माहीत नाही. लई वर्षं लागतील. कदाचित आमचं नाहीच जमणार, दुसऱ्या कुणाचं जमेल."

"जमू दे कुणाचं बी." आणि चहा टाक म्हणाली.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. कॅन्सर परत आला नाही. माझ्या लग्नात तिने हौसेने हिरवी पैठणी नेसली आणि मांडवात सगळ्यांना सांगत फिरली, की नवरामुलगा मीच पसंत केलाय. त्यात तथ्य नव्हतं. माझा मुलगा झाला तेव्हा ती पुण्याला येऊन तीन महिने राहिली, त्याच्या मालिशीवरून माझ्या सासूबाईंशी भांडली आणि शेवटी दोघी मिळून मालिश करायला लागल्या. मग तिचे पाय सुजायला लागले. गोळ्या वाढत गेल्या. चैत्रातल्या एका दुपारी चिंचेखाली घोंगडीवर ती आडवी झाली, ती उठली नाही. डॉक्टरांनी हृदय थकलं असं सांगितलं.

दहावा झाला. पाहुणे गेले. संध्याकाळी मी आणि वडील ओट्यावर बसलो होतो. इतकी वर्षं जे मनात होतं ते मी बोलले.

"दादा, त्या औषधानं काळीज थकतं हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. सरांच्या तोंडून निघालं तेव्हाही मी 'कधीकधी' म्हणून टाळलं."

वडील मातीत काटकीने रेघा ओढत होते.

"तिला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"काळजाचं?"

"तुज्या सायबानं सांगितलं ना. तितनं आली ती मला म्हणली, तरीच तिसऱ्या डोसापासनं मला धाप लागती. मी म्हणलं, आगं, पोरीला सांग, डागदरला सांग. तर म्हणली, न्हाई. तिला सांगितलं तर ती त्ये काम सोडून देईल. तिचं व्हऊ दे. डागदर तपासत्याल तवा तपासत्याल."

वडिलांनी काटकी टाकून दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी मी मोठी झाल्यावर कधी ठेवला नव्हता.

"सात-आठ वर्सं म्हंजी थोडी न्हाईत, बाळ," ते म्हणाले. "तुजं लगीन बघितलं, पोरगं बघितलं. तुज्या आईला येवढं न्हाई मिळालं."

तेवढ्यात विहिरीवरच्या खोलीतला दिवा लागला. लाइट आली होती. टोमॅटोला पाणी द्यायचं राहिलं होतं. वडील चपला घालून मोटार चालू करायला गेले, आणि मी डोळे पुसून त्यांच्यामागे पाटाच्या दंडावर पाणी वळवायला गेले.